‘गेले होते’ म्हणजे ‘हॅड गॉन’ नव्हे

आपल्या कॉलेजात, विशेषतः कॅन्टीनमध्ये, इंग्रजी बोलणं सुरू झालं की एक शब्द सारखा कानावर पडतो: ‘हॅड’. ‘आय हॅड गॉन टू गोवा लास्ट वीक.’ ‘आय हॅड कॉल्ड यू यस्टर्डे.’ पुस्तकी व्याकरणाप्रमाणे इथे साधा भूतकाळ हवा, ‘वेन्ट’ आणि ‘कॉल्ड’. यावरचा शेराही ठरलेला असतो: मराठी मीडियमची मुलं, टेन्स कच्चे. मला हा शेराच कच्चा वाटतो. या मुलांना काळ कळत नाही असं नाही. त्यांना मराठीतला काळ इतका पक्का कळतो की ती तोच इंग्रजीत नेतात.

‘मामा आले आहेत’ म्हणजे मामा घरात बसलेत, चहा टाका. ‘मामा आले होते’ म्हणजे येऊन गेले. ‘होते’ या एका शब्दाने आपण सांगतो की ती गोष्ट तिथेच संपली. ‘काल मी गोव्याला गेले होते’ म्हटलं की जाऊन परत आले, हे वेगळं सांगावं लागत नाही. नुसतं ‘काल मी गोव्याला गेले’ म्हटलं तर ऐकणारा ‘बरं, मग?’ म्हणून पुढची हकीकत ऐकायला थांबतो. हिंदीतलं ‘गया था’ आणि बेळगावात रोज ऐकू येणारं कन्नड ‘होगिद्दे’ यांचं वळणही बरंचसं असंच. म्हणजे इथल्या मुलाच्या कानातल्या तीन भाषा त्याला एकाच दिशेला ढकलतात.

इंग्रजीतला ‘हॅड’ मात्र ‘संपलं’ एवढंच सांगत नाही. तो सांगतो ‘त्याच्या आधी’. त्याला भूतकाळातला दुसरा एक क्षण लागतो, वाक्यात असो किंवा मागच्या वाक्यात. म्हणून ‘आय हॅड गॉन टू गोवा’ एवढंच ऐकलं की इंग्रजी कान वाट बघत राहतो: कशाच्या आधी?

शाळेत आपल्याला शिकवलं, ‘दोन क्रिया असतील तर आधीच्या क्रियेला हॅड लावा.’ हा नियम अर्धाच खरा. ‘सकाळी उठले, चहा घेतला, बस पकडली’ यात तीन क्रिया आहेत, पण त्या घडल्या त्याच क्रमाने सांगितल्यात, म्हणून इंग्रजीत एकही ‘हॅड’ लागत नाही. ‘आय लॉक्ड द डोअर बिफोर आय लेफ्ट’ मध्येही नाही लागला तरी चालतं, कारण क्रम ‘बिफोर’नेच सांगून टाकला. ‘हॅड’ खरा लागतो तो गोष्ट पुढे जात असताना आपण मागे वळतो तेव्हा. ‘शी ओपन्ड द लेटर. हर ब्रदर हॅड रिटन इट इन द हॉस्पिटल.’ पत्र आत्ता उघडलं, लिहिलं गेलं आधी. कादंबरीतला फ्लॅशबॅक बऱ्याचदा अशाच एक-दोन ‘हॅड’नी सुरू होतो आणि वाचक एकदा मागे पोचला की लेखक साध्या भूतकाळावर येतो.

कोणी म्हणेल, भारतीय इंग्रजीचं हे वैशिष्ट्यच आहे, सगळ्यांना कळतं, मग सोडून द्या ना. गप्पांमध्ये मीही सोडून देईन. पण ही दोन वाक्यं बघा. ‘व्हेन द डॉक्टर केम, द पेशंट डाइड.’ ‘व्हेन द डॉक्टर केम, द पेशंट हॅड डाइड.’ पहिल्यात डॉक्टर आले आणि मग पेशंट गेला. दुसऱ्यात ते येण्याआधीच सगळं संपलं होतं. आपल्यातले कितीतरी जण उद्या नर्सिंगचे, वकिलीचे, पत्रकारितेचे रिपोर्ट इंग्रजीत लिहिणार आहेत. दर वाक्यात ‘हॅड’ टाकायची सवय लागली, तर जिथे तो खरोखर काही सांगतो तिथे वाचणाऱ्याला ते कळणार कसं?

गंमत म्हणजे हा फरक मराठीला परका नाही. ‘मी पोचले आणि गाडी सुटली’ आणि ‘मी पोचले तेव्हा गाडी सुटली होती’ यातला फरक आपल्याला कोणी शिकवावा लागत नाही. मग इंग्रजीच्या तासाला हीच दोन वाक्यं फळ्यावर का लिहू नयेत? ‘इथलं होती इंग्रजीत हॅड होतं, पण मामा आले होते मधलं होत नाही’ एवढं दहा मिनिटांत सांगता येईल. अनेक वर्गांत तर मराठी शब्द निघाला की दंड. फादर थॉमस स्टीफन्स हे मूळचे इंग्लंडचे, 1579 मध्ये गोव्यात आले. त्यांनी केलेलं कोकणीचं व्याकरण 1640 मध्ये रायतूरला छापलं गेलं, ते पोर्तुगीज भाषेत. शिकणाऱ्याला जी भाषा येते तिच्यातूनच नवी भाषा समजावायची, ही साधी गोष्ट तेव्हाही माहीत होती.

माझं म्हणणं इतकंच. ‘हॅड’ लिहिण्याआधी स्वतःला विचारा, ‘कशाच्या आधी?’ उत्तर मिळालं तर खुशाल लिहा. नाही मिळालं, तर साधा भूतकाळ पुरतो. आणि मित्राच्या तोंडून जास्तीचा ‘हॅड’ निघाला तर हसू नका. हसण्याच्या भीतीने वर्गात आणि इंटरव्ह्यूत गप्प बसणारे आपल्यात खूप आहेत, आणि त्यांच्याकडे सांगण्यासारखं बरंच काही असतं.