मणक्याची प्रतिकृती किती खरी?

तेरच्या लामतुरे संग्रहालयात सातवाहनकालीन मृण्मूर्ती आहेत, त्यांतल्या कित्येक दुहेरी साच्यातून काढलेल्या. साचा कितीही नेमका असला तरी माती वाळताना आणि भाजताना आकसते, हे त्या कारागिरांना ठाऊक असणारच. सीटी स्कॅनवरून त्रिमितीय छपाईने बनवलेला मणका हातात घेणाऱ्याला मात्र अशी घट-वाढ सहसा कुणी सांगत नाही.

प्रतिकृती चुकली की संशय येतो तो छपाईयंत्रावर. खरी चूक बहुधा त्याआधीच झालेली असते. स्कॅन म्हणजे शरीराचे काप. ते तीन-पाच मिलिमीटर जाडीचे असले की हाडाची कड पुसट होते. मग हाड कुठे संपतं हे घनतेच्या एका आकड्यावर ठरतं. आकडा खाली घेतला तर शेजारचे सांधे चिकटतात, वर नेला तर म्हाताऱ्या, ठिसूळ मणक्याला भोकं पडतात.

वाकडातिकडा, जन्मजात जुळलेल्या मणक्याची प्रतिकृती शस्त्रक्रियेआधी हातात फिरवून पाहणं सर्जनच्या फायद्याचं आहे. नातेवाइकांनाही फिल्मपेक्षा ते लवकर कळतं. तिथे एखादा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर बिघडत नाही. पण त्याच माहितीवरून स्क्रूची दिशा ठरवणारा साचा बनवायचा असेल, तर प्रश्न बदलतो. स्क्रू हाडाबाहेर दोन मिलिमीटरपर्यंत गेला तर सहसा चालवून घेतात; प्रतिकृतीच एका मिलिमीटरने चुकली तर ही सवलत निम्मी संपते, आणि पलीकडे मज्जारज्जू असतो.

आणखी एक अडचण आहे. सीटी आडवं झोपवून काढतात, आणि झोपल्यावर पाठीचा बाक कमी दिसतो. भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज शारपाक यांना ज्या कणशोधक उपकरणांसाठी 1992चं नोबेल मिळालं, त्यांच्यावर उभी राहिलेली ईओएस ही क्ष-किरण पद्धत रुग्णाला उभं ठेवून, कमी किरणांत दोन बाजूंनी चित्र घेते. पाठीला बाक असलेल्या वाढत्या वयाच्या मुलींसाठी ती उजवी. मात्र तिथे मणक्याचा आकार तयार नमुन्यावरून बसवतात, म्हणजे बाक खरा आणि हाडाचे बारकावे अंदाजाचे. सीटीत नेमकं उलट.

भारतात 1 एप्रिल 2020पासून वैद्यकीय सॉफ्टवेअरही उपकरणांच्या नियमांखाली आहे. तरी माझ्या मते प्रत्येक प्रतिकृतीसोबत कापांची जाडी आणि स्कॅनची तारीख लिहून द्यायलाच हवी. साध्या पाठदुखीला तर प्रतिकृती नकोच. तेरहून सोलापूर-लातूरला शस्त्रक्रियेसाठी जाणाऱ्याने फिल्मवर थांबू नये, पातळ कापांची मूळ माहिती सीडीवर मागून घ्यावी. यंत्रातून ती काही काळाने पुसली जाऊ शकते.