ग्लांडच्या दफ्तरात ठाण्याची खाडी

नौपाड्यातून स्टेशनचा पूल ओलांडून कोपरी-ऐरोलीच्या बाजूस गेलेल्या मनुष्यास, हिवाळ्यातल्या ओहोटीला, तिवरांपलीकडच्या चिखलात मान वाकवून, उलट्या चोचीने अन्न गाळणारे रोहित पक्षी दिसतात. परंतु या खाडीच्या 6,521 हेक्टर क्षेत्राची नोंद 2022 पासून स्वित्झर्लंडमधील ग्लांड येथील एका सचिवालयाच्या दफ्तरी आहे, ही वार्ता त्यास क्वचितच ठाऊक असते. इराणमधील रामसर येथे 1971 साली झालेल्या पाणथळ भूमींच्या कराराचे हे सचिवालय; त्या करारात भारत 1982 साली सामील झाला. त्या कराराच्या दिमतीस ना फौज, ना दंडवसुलीचा अखत्यार; नोंदलेल्या स्थळाचे नैसर्गिक स्वरूप बिघडले, किंबहुना बिघडण्याचा संभव दिसला, तर संबंधित राष्ट्राने विनाविलंब तशी वर्दी द्यावी, आणि निकडीच्या राष्ट्रहितास्तव हद्द आखडलीच तर हानीची शक्य तितकी भरपाई करावी, एवढेच त्यातील कलमे सांगतात. ज्याच्याविरुद्ध तक्रार त्यानेच फिर्याद गुदरावी, असा हा मामला! (आमच्या वकील मित्रांना हे वाचून हसू आवरणार नाही.) तथापि जागतिक संस्थांचा कारभार बहुधा असाच, सार्वभौम सरकारांच्या शब्दावर आणि जगासमोरील लाजेवर चालतो, दात हवेत ते घरच्या कायद्यालाच. केंद्राच्या 2017 च्या पाणथळ नियमावलीने रामसर स्थळांवरील अतिक्रमण व घनकचऱ्याची भर निषिद्ध ठरविली असल्याने, ठाणेकराने आपला अर्ज ग्लांडला न धाडता राज्याच्या पाणथळ प्राधिकरणाकडेच द्यावा.