छोट्या आगगाडीचे मोठे गणित

मिरज जंक्शनात एकेकाळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही रूळ येत. या स्थानकाची हुबेहूब प्रतिकृती करू पाहणाऱ्यास पहिली अडचण मापाचीच येईल. जगभर रूढ असलेल्या १:८७ प्रमाणाच्या आगगाड्यांचे रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचे असतात. आपल्या १६७६ मिलिमीटरच्या ब्रॉडगेजला त्याच प्रमाणात सुमारे १९.३ मिलिमीटर हवेत. परदेशी माल केवळ रंग बदलून येथे विकणे म्हणूनच हौशी ग्राहकाची फसगत करण्यासारखे आहे.

केंद्र सरकारने खेळण्यांवरील आयातशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर नेले. तथापि तटबंदी उभारल्याने कारखाना आपोआप उभा राहत नाही. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी माळरानावर किर्लोस्करवाडी वसविली. साताऱ्यात कूपर यांच्या कारखान्याने डिझेल इंजिने घडविली. ओतकाम व साचेकाम जाणणारे हात या दोन्ही जिल्ह्यांत आजही आहेत. उणीव आहे ती ग्राहकाची. दीडशे वर्षांची परंपरा असलेल्या जर्मनीच्या मार्कलिन कंपनीवरही २००९ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करण्याची पाळी आली, हे विसरून चालणार नाही.

पुण्यातील जोशी यांच्या लघुरेल्वे संग्रहालयाने १९९८ पासून कुतूहल जागे ठेवले आहे. त्या कुतूहलाचे मागणीत रूपांतर व्हावयाचे, तर स्वस्त, दुरुस्त होणारा आणि भारतीय मापाचा संच प्रथम शाळांच्या प्रयोगशाळांत पोहोचला पाहिजे. उद्योजकांनी निर्यातीची स्वप्ने त्यानंतर पाहावीत.