मृतांची नोंद हा जिवंतांचा हक्क आहे

वाचकहो, दरवर्षी २० नोव्हेंबर रोजी जगातील अनेक शहरांत माणसे संध्याकाळी एकत्र जमतात, मेणबत्त्या पेटवितात आणि एक यादी वाचून दाखवितात. हिंसाचारात बळी गेलेल्या तृतीयपंथी व पारलिंगी माणसांची ती यादी असते. कित्येकदा नावाच्या जागी ‘नाव अज्ञात’ एवढेच शब्द असतात, आणि तेही तितक्याच गांभीर्याने वाचले जातात. या दिवसाला पारलिंगी स्मृतिदिन म्हणतात. आपल्यापैकी पुष्कळांना तो ठाऊक नसेल. ज्यांना ठाऊक आहे त्यांतील काहींच्या मनात असाही प्रश्न येईल की, खून तो खूनच. मग एका वर्गाच्या मृतांसाठी वेगळा दिवस कशाला? हा प्रश्न प्रामाणिक आहे, आणि म्हणूनच त्याचे उत्तर भावनेने न देता पुराव्यानिशी दिले पाहिजे.

या दिवसाचा उगम अमेरिकेतील बॉस्टन शहरात झालेल्या एका खुनात आहे. २८ नोव्हेंबर १९९८ रोजी रिटा हेस्टर या कृष्णवर्णीय पारलिंगी स्त्रीचा तिच्या राहत्या घरी भोसकून खून झाला. त्याबद्दल आजतागायत कोणालाही शिक्षा झालेली नाही. मृत्यूनंतर काही वृत्तपत्रांनी, ती ज्या नावाने जगली ते नाव बाजूला सारून, तिचा उल्लेख पुरुष म्हणून केला. म्हणजे मारेकऱ्याने तिचा प्राण घेतला आणि बातमीदारांनी तिची ओळख. त्याच राज्यात तीन वर्षांपूर्वी, २० नोव्हेंबर १९९५ रोजी, शनेल पिकेट या दुसऱ्या कृष्णवर्णीय पारलिंगी स्त्रीचा बळी गेला होता. त्या खटल्यात ज्यूरीने आरोपीला खुनाच्या आरोपातून मुक्त केले व केवळ मारहाणीबद्दल दोषी धरले. रिटासाठी शोक करणाऱ्यांनाही शनेलची आठवण उरलेली नाही, हे ग्वेन्डोलिन ॲन स्मिथ यांच्या ध्यानात आले. अवघ्या तीन वर्षांत एक बळी आपल्याच माणसांच्या स्मृतीतून पुसला जातो, ही गोष्ट त्यांना असह्य झाली. त्यांनी मृतांच्या नावांची नोंद ठेवण्यास आरंभ केला, आणि १९९९ पासून हा स्मृतिदिन पाळला जाऊ लागला.

आता प्रश्नाकडे वळू. कायद्याच्या पुस्तकात खुनाचे कलम सर्वांना सारखेच आहे, हे खरे. परंतु कलम स्वतःच्या पायांनी न्यायालयात चालत येत नाही. फिर्याद नोंदविणारा अंमलदार, पंचनाम्यावर सही करणारे पंच, जबानी देणारा साक्षीदार व निवाडा करणारा न्यायाधीश, एवढ्यांच्या हातांतून ते यावे लागते. यांतील एकाच्याही मनात ‘हा मेला तर काय बिघडले’ असा विचार असेल, तर समान कायदा जागच्या जागी असमान होतो.

याचा दाखला नेब्रास्का राज्यात मिळतो. १९९३ च्या डिसेंबरात ब्रँडन टीना या एकवीस वर्षांच्या पारलिंगी तरुणावर दोघांनी बलात्कार केला. त्याने फिर्याद दिली. शेरीफने गुन्हेगारांना पकडण्याऐवजी फिर्यादीलाच त्याच्या शरीराविषयी अपमानकारक प्रश्न विचारले. थोड्याच दिवसांत, ३१ डिसेंबर रोजी, त्याच दोघांनी ब्रँडनचा व त्याच्यासोबत आणखी दोघांचा खून केला. ब्रँडनच्या आईने काउंटीवर दावा लावला. खालच्या न्यायालयाने नुकसानभरपाई ठरविली खरी, पण तिच्यातून मोठा भाग वजा केला, आणि मृताच्या स्वतःच्या हलगर्जीपणाबद्दलही १ टक्का कापला! २००१ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ही कपात रद्द केली आणि फिर्यादीचे रक्षण करणे हे शेरीफचे कर्तव्य होते, असे ठरविले. आईने वर्षानुवर्षे चिकाटी धरली नसती, तर सरकारी दप्तरात १ टक्का दोष त्या मृत तरुणाच्या माथी कायमचा राहिला असता.

हे सर्व परदेशात घडले, आपला त्याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणू नये. आपल्या देशात या माणसांची नोंद ठेवण्याची प्रथा फार जुनी आहे; मात्र ती नोंद मृतांची नव्हती, संशयितांची होती. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा दुसरा भाग हिजड्यांसाठी होता. ज्यांच्यावर संशय असेल त्यांची नावे व मालमत्ता सरकारी पटावर चढवावी, त्यांनी स्त्रीवेषात रस्त्यावर दिसू नये, सार्वजनिक जागी नाचू नये, कोणाचे पालक होऊ नये, दत्तक घेऊ नये, मृत्युपत्र वा बक्षीसपत्र करू नये, असे त्यात लिहिले होते. ज्या कायद्याने भटक्या-विमुक्तांना जन्मतःच चोर ठरविले, त्याच कायद्याने यांना वारसाहीन केले. अपमानाची ही दोन्ही कलमे एकाच लेखणीतून उतरली आहेत, हे या नियतकालिकाच्या वाचकाने विसरता कामा नये.

तो कायदा गेला, पण पोलीस चौकीतील नजर गेली काय? २००६ साली चेन्नईत पांडियन नावाच्या तृतीयपंथी व्यक्तीला चोरीच्या संशयावरून पोलिसांनी वारंवार चौकीत नेले व तिचा लैंगिक छळ केला. अखेर त्या व्यक्तीने स्वतःला जाळून घेतले. बहिणीने मद्रास उच्च न्यायालयात दाद मागितली, आणि २००७ साली न्यायालयाने पाच लाख रुपयांची भरपाई देवविली. येथेही दाद मागणारी एक बहीण होती म्हणून आपल्याला हे प्रकरण ठाऊक आहे. ज्यांना अशी बहीण नाही, त्यांचे काय?

१५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नालसा खटल्यात तृतीयपंथीयांना संविधानाच्या १४, १५, १६, १९ व २१ या अनुच्छेदांचे संरक्षण असल्याचे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. पुढे २०१९ साली संसदेने कायदा केला. त्याच्या १८ व्या कलमाने तृतीयपंथी व्यक्तीवरील शारीरिक व लैंगिक अत्याचारास शिक्षा ठेवली ती किमान सहा महिने व कमाल दोन वर्षे. स्त्रीवरील बलात्कारास किमान दहा वर्षे सक्तमजुरी, आणि येथे कमाल दोन वर्षे! १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलात आली. तिच्यात बलात्काराची पीडित म्हणून केवळ स्त्रीचा उल्लेख आहे, आणि जुने ३७७ वे कलमही उरलेले नाही. ज्या देहावरील घावाला कायदा इतकी स्वस्त किंमत लावतो, त्या देहाच्या मृत्यूला पोलीस ठाणे मोठी किंमत देईल, अशी अपेक्षा कोणत्या आधारावर करावी?

याहून सूक्ष्म अन्याय वारसाचा आहे. आरोपी निर्दोष सुटला तर अपील करण्याचा हक्क ‘पीडिता’ला असतो, आणि पीडित म्हणजे ज्याची हानी झाली तो, तसेच त्याचा पालक व कायदेशीर वारस. आता विचार करा. घराने लहानपणीच हाकलून दिलेल्या मुलाला ज्या गुरूने जेवू घातले, आजारपणात उशाशी बसून काढले, तो गुरू वारसा कायद्याच्या यादीत कोठेच नाही. त्याला आपली रूढी आधी सिद्ध करावी लागते. ज्या भावाने दार बंद केले तो मात्र वारस! मृतदेह त्याच्या हवाली, नाव त्याने सांगितलेले, आणि खटला चालवावा की तडजोडीने मिटवावा, हा निर्णयही व्यवहारात त्याचाच. ज्यांना खरे दुःख झाले त्यांना न्यायालयात उभे राहण्यास जागा नाही. म्हणून ते रस्त्यावर मेणबत्ती घेऊन उभे राहतात. स्मृतिदिनाचा खरा अर्थ हाच आहे. जिथे कायद्याने वारस नाकारला, तिथे समाजाने वारसपण पत्करणे.

या पद्धतीतही एक धोका आहे, तो सांगितलाच पाहिजे. वर्षातून एक संध्याकाळ नावे वाचली, डोळे पुसले आणि घरी गेलो, असे झाले तर स्मरण हा विधी होईल, आणि विधीने मारेकऱ्याचे काहीही बिघडत नाही. १ ऑक्टोबर २०२३ ते ३० सप्टेंबर २०२४ या एका वर्षात जगभरातून अशा ३५० हत्यांची नोंद युरोपातील एका निरीक्षण प्रकल्पाकडे झाली. जिथे मोजणारे आहेत तिथलाच हा आकडा आहे. केवळ मृत्यूच्या दिवशीच आमची आठवण का, हा या समाजाचा सवालही रास्त आहे. त्यातूनच २००९ पासून ३१ मार्च हा जिवंतांच्या गौरवाचा दिवस पाळला जाऊ लागला.

तेव्हा वाचकहो, आमचे मागणे तीन गोष्टींचे आहे. पहिली, फिर्यादीत, पंचनाम्यात व शवविच्छेदनाच्या अहवालात मृत व्यक्ती ज्या नावाने जगली ते नाव लिहिले जावे. दुसरी, देह ताब्यात घेण्याचा व अपील करण्याचा हक्क प्रत्यक्ष सांभाळ करणाऱ्यास मिळेल, अशी तरतूद व्हावी. तिसरी, अत्याचाराची शिक्षा देहाच्या लिंगावरून कमी-जास्त ठरू नये. पहिल्या गोष्टीसाठी नव्या कायद्याचीही गरज नाही. पंच म्हणून बोलावले असता ‘खरे नाव लिहा’ असे अंमलदाराला सांगण्यास एक माणूस पुरे आहे. तो माणूस आपण होऊ शकतो. तसे झाले, तर पुढल्या २० नोव्हेंबरच्या यादीत ‘नाव अज्ञात’ ही ओळ निदान एका ठिकाणी तरी कमी होईल.