पंचेचाळिसावा आला, म्हणजे नेमकं काय झालं?

तुम्ही बर्फ शेवटचा कुठे पाहिलात? आमच्या लखनऊ छावणीत विचाराल तर उत्तर मिळेल, सदर बाजारात, सरबताच्या गाडीवर! जानेवारीत धुकं इतकं दाट असतं की समोरचं फाटक दिसत नाही, पण बर्फ काही पडत नाही. तरी छावणीतल्या घरांना गुलमर्ग हे नाव परकं नाही. १९४८ मध्ये लष्कराने तिथे स्की स्कूल सुरू केलं. आजचं हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल ते हेच.

आज ज्याच्याबद्दल सांगतेय तो मात्र फौजी नाही. आरिफ खान हा गुलमर्गमधल्या एका दुकानदाराचा मुलगा. वडील यासीन खान यांचं स्कीच्या सामानाचं दुकान. चार वर्षांच्या आरिफला त्यांनीच बर्फावर उभं केलं. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेत त्याने स्लॅलम आणि जायंट स्लॅलम, दोन्हींत सुवर्ण जिंकलं.

आता थोडं खेळाबद्दल, कारण हे कळलं नाही तर पुढची गंमत जाईल. उतारावर लाल आणि निळ्या खांबांची दारं लावलेली असतात. त्या प्रत्येक दारातून वळत वळत खाली यायचं. एक दार जरी चुकलं तरी शर्यतीतून बाद. स्लॅलममध्ये दारं जवळजवळ, जायंट स्लॅलममध्ये लांब लांब, त्यामुळे वेग जास्त. दोन फेऱ्या होतात आणि दोन्हींची वेळ एकत्र धरतात. ऑलिम्पिकला जायचं तर आधी मान्यताप्राप्त शर्यतींत गुण मिळवावे लागतात, आणि इथे सगळं शाळेच्या उलट. गुण जितके कमी तितकं चांगलं!

या शर्यती बहुतेक परदेशात होतात. विमानाचं तिकीट, हॉटेल, प्रशिक्षक, स्कीचे जोड, सगळा खर्च डोक्यावर. २०१८ च्या ऑलिम्पिकची संधी आरिफच्या हातून गेली ती उतारावर नाही, पैशांच्या हिशेबात. उरलेल्या पात्रता शर्यतींना जायला पैसेच नव्हते. मला विचाराल तर पडून हरणं परवडलं.

पुढच्या वेळी त्याने स्लॅलमची पात्रता दुबईत मिळवली (हो, वाळवंटात, छताखालच्या बर्फावर) आणि जायंट स्लॅलमची माँटेनेग्रोत. एकाच हिवाळी ऑलिम्पिकच्या दोन प्रकारांसाठी पात्र ठरलेला तो पहिला भारतीय. यासाठी त्याने ठरलेलं लग्नही पुढे ढकललं होतं. सरकारच्या योजनेतून १७.४६ लाख रुपये मंजूर झाले ते जानेवारी २०२२ मध्ये. स्पर्धा फेब्रुवारीत!

बीजिंगला भारताकडून तो एकटाच. पण गलवानच्या चकमकीतल्या एका चिनी अधिकाऱ्याला मशालवाहक केल्यामुळे भारताने राजनैतिक बहिष्कार घातला. दूरदर्शननेही उद्घाटन आणि समारोप थेट दाखवले नाहीत. गलवानमध्ये आपले वीस जवान गेले. छावणीत राहून त्या निर्णयावर बोट ठेवणं मला जमणार नाही. तरीही तिरंगा घेऊन चालणाऱ्या त्या एकट्या मुलाचं वाईट वाटतंच. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात ना?

१३ फेब्रुवारी, जायंट स्लॅलम. त्या दिवशी नेमका जोरदार हिमवर्षाव झाला आणि पुढचं नीट दिसेना. उतरलेल्या ८९ जणांपैकी कितीतरी जण मध्येच घसरले, काहींची दारं चुकली. आरिफ दोन्ही फेऱ्यांत खालपर्यंत पोहोचला. एकूण वेळ २ मिनिटं ४७.२४ सेकंद, क्रमांक ४५ वा. सुवर्ण जिंकणाऱ्या स्वित्झर्लंडच्या मार्को ओडरमॅटची वेळ होती २ मिनिटं ९.३५ सेकंद. जवळपास अडतीस सेकंदांचा फरक, आणि तो मोठाच आहे. त्यात ओडरमॅटचा देश आल्प्सचा, आणि आरिफच्या सरावाची जागा मोसमापुरतीच बर्फाची.

तीन दिवसांनी स्लॅलम होती. तिथे पहिल्याच फेरीत त्याचं दार चुकलं आणि तो बाद झाला. आदल्या शर्यतीत खालपर्यंत पोहोचणं किती अवघड होतं, ते मला तेव्हा कळलं.

त्या १३ तारखेच्या शर्यतीचा व्हिडिओ मिळाला तर घरातल्या मुलांना घेऊन बघा. पहिले दहा जण झाले की बंद करू नका. आपला खूप नंतर येतो.