नंदा खरे यांची 'उद्या' आणि आम्ही

परदेशी कादंबऱ्यांतला भयाण भविष्यकाळ वाचायला आमच्या वर्गाला फार आवडतो. सुझान कॉलिन्स या अमेरिकन लेखिकेच्या 'हंगर गेम्स' मालिकेचे पहिले तीन भाग २००८ ते २०१० या काळात प्रसिद्ध झाले. वर्गातील बऱ्याच मुलींनी ते वाचले आहेत. ज्यांनी वाचले नाहीत त्यांनी चित्रपट पाहिला आहे. मीही पहिला भाग वाचला, शब्दकोश शेजारी ठेवून. त्यात एक प्रथा आहे. गरीब घरच्या मुलाला वर्षभराचे धान्य आणि तेल हवे असेल तर त्या बदल्यात जीवघेण्या खेळाच्या सोडतीत त्याच्या नावाच्या चिठ्ठ्या वाढवल्या जातात. जितकी भूक जास्त तितक्या चिठ्ठ्या जास्त. "काय कल्पनाशक्ती आहे!" असे माझी मैत्रीण म्हणाली. घरी मी हीच गोष्ट आईला सांगितली. भांडी विसळता विसळता ती एवढेच म्हणाली, "मंग? फुकट कोन देतंय?"

मैत्रिणीचे पुढचे वाक्य असे होते की मराठीत असले काही कोणी लिहीतच नाही. या विधानाला उत्तर म्हणून हा लेख लिहिण्याचे धाडस करीत आहे.

मराठीत असे लिहिणारे गृहस्थ आपल्याच पुण्यात २२ जुलै २०२२ रोजी वारले. अनंत यशवंत खरे हे त्यांचे नाव. वाचक त्यांना नंदा खरे म्हणून ओळखतात. जन्म १९४६ चा, नागपूरचा. मुंबईच्या आय. आय. टी. तून स्थापत्य अभियंता होऊन त्यांनी व्यवसाय केला तो बांधकामाचा. काही काळ 'आजचा सुधारक' या मासिकाचे संपादनही केले. 'अंताजीची बखर' आणि 'बखर अंतकाळाची' या त्यांच्या कादंबऱ्या पेशवाईच्या काळातल्या, त्यानंतर 'संप्रति' म्हणजे सध्याच्या काळाची, आणि मग २०१४ साली 'उद्या'. काल, आज आणि उद्या अशी ही मालिकाच आहे. पहिल्या दोन पुस्तकांत पराक्रमाच्या पोवाड्यांऐवजी अंताजी नावाचा बेरकी माणूस आपल्याला इतिहास सांगतो. त्यामुळे ज्यांना ऐतिहासिक कादंबरीत फक्त तलवारींचा खणखणाट ऐकायचा असतो, त्यांची तेथे निराशा होण्याचा संभव आहे. माझी झाली नाही. पण माझे मन अडकले ते 'उद्या'मध्ये.

सगळे काही गिळत चाललेला बाजार, माणसांवर अष्टौप्रहर पाळत ठेवणारी व्यवस्था, घटत गेलेल्या मुली, जंगलपट्ट्यातील माणसांची होणारी कोंडी अशा अनेक धाग्यांनी ही कादंबरी विणली आहे. तिच्याविषयी बोलताना सगळे जण 'भविष्यवेधी' हा शब्द वापरतात. शब्द मोठा गोंडस आहे. एखादी गोष्ट भविष्यात आहे असे म्हटले की आज तिच्याविषयी काही करावे लागत नाही. पावसाळा चार महिन्यांवर आहे असे म्हणून छपराकडे पाहायचेच नाही, तशातला हा प्रकार.

मुलींचेच घ्या. आमचे गाव बीड जिल्ह्यातले. आईवडील लग्नानंतर काही वर्षे ऊसतोडीला जात. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि नवराबायकोने मिळून एक कोयता म्हणून मोजले जायचे, अशी ती रीत. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. त्या वेळी मी पाच वर्षांची होते. म्हणजे हा आकडा मला पुस्तकात भेटलेला नाही. मी त्या आकड्यात आहे. ज्या जन्मल्याच नाहीत त्या माझ्या वर्गात बसल्या असत्या, कदाचित या अंकात त्यांनीही काही लिहिले असते. गर्भलिंग चाचणीला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने देशाच्याही आधी, १९८८ साली केला; देशाचा कायदा १९९४ चा. दोन्ही माझ्या जन्माआधीचे. तरीही २०१२ साली परळीचे प्रकरण उघडकीला आलेच. गावाकडे आता तिशी ओलांडलेल्या मुलांना मुली मिळत नाहीत म्हणून मध्यस्थ पैसे घेऊन लांबलांबची स्थळे आणतात. ती मुलगी कोठली, तिची भाषा कोणती, हे विचारायची पद्धत नाही. असे असताना मुलींच्या तुटवड्याची कथा वाचून कुणी मला "पन्नास वर्षांनी असे होईल का गं?" असे विचारले, तर मी त्याला काय सांगू?

पाळतीचेही तेच. नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक वाटले गेले. 'उद्या' प्रसिद्ध व्हायला अजून चार वर्षे होती. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितले, आणि पुढच्याच वर्षी सरकारी अनुदान व शिधा यांसाठी आधार मागणे वैध ठरवले. हे दोन्ही निकाल आम्हाला राज्यशास्त्राच्या तासाला शिकवले गेले. माझी आई चार घरची धुणीभांडी करते. साबणाने आणि राखेने तिच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या आहेत. रेशन दुकानातले यंत्र तिचा अंगठा कधी ओळखते, कधी ओळखत नाही. ओळखले नाही की ती अंगठा पदराला पुसते आणि पुन्हा टेकवते. माझा भाऊ लोकांच्या घरी जेवणाचे डबे पोचवतो. कुठे वळायचे, किती मिनिटांत पोचायचे हे त्याला फोन सांगतो, आणि तो कुठे थांबला हे फोन दुसऱ्या कुणाला तरी सांगतो. तो दुसरा कोण, हे भावाला ठाऊक नाही. पाळत म्हटल्यावर माझ्या मैत्रिणीला परदेशी चित्रपटातले छुपे कॅमेरे आठवतात. मला पदराला पुसलेला अंगठा आठवतो. खऱ्यांनी धान्य आणि नोंद, बाजार आणि माणूस यांचे नाते ज्या गांभीर्याने घेतले आहे, त्या गांभीर्याने ते घेणारे मराठीत मला तरी फार आढळले नाहीत.

आता थोडे भांडण. हे पुस्तक आमच्याविषयी आहे, पण आमच्यासाठी आहे का? एका कथेतून दुसऱ्या कथेत लेखक असा उडी मारतो की पाठीमागे कोणी येते आहे की नाही याची तो फिकीर करीत नाही. माहिती पुष्कळ, संदर्भ पुष्कळ, वाचकाने आधीच बरेच वाचलेले असावे अशी अपेक्षाही पुष्कळ. ज्याच्या घरात पुस्तकांचे कपाट होते त्याच्याशी चाललेल्या गप्पा आम्ही दारात उभे राहून ऐकतो आहोत, असे मला अनेक पानांवर वाटले. आमचे एक सर म्हणतात की वाचकाने वर चढावे, लेखकाने खाली येऊ नये. मला हे पूर्णपणे पटत नाही. पूल बांधणाऱ्या अभियंत्याला दोन्ही काठ सारखेच महत्त्वाचे असतात.

आणि तो पुरस्कार. २०२० चा साहित्य अकादमी पुरस्कार 'उद्या'ला मिळाल्याचे मार्च २०२१ मध्ये जाहीर झाले आणि खऱ्यांनी तो नाकारला. समाजाने आपल्याला भरपूर दिले आहे, आणखी घेत राहणे बरे नाही, काही वर्षांपूर्वीच आपण पुरस्कार घेणे थांबवले आहे, अशा आशयाचे त्यांचे म्हणणे होते. हे वाचून मला प्रथम राग आला, आणि तो अजून सगळा गेलेला नाही. पुरस्काराची रक्कम एक लाख रुपये असते. आई चार घरांचे मिळून महिन्याला सहा हजार आणते. म्हणजे सोळा महिन्यांहून अधिक काळाची तिची भांडी. 'पुरे' हा शब्द उच्चारण्यासाठी आधी ताटात काही पडलेले असावे लागते. मला कोणी शिष्यवृत्ती दिली तर मी दोन्ही हातांनी घेईन, आणि त्यात मला यत्किंचितही लाज वाटणार नाही.

परंतु याच पुण्यात राहिलेल्या जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत नारायण विनायक जगताप हे टोपणनाव घेऊन 'कृष्णविवर' ही कथा पाठवली होती, आणि तिला पहिले बक्षीस मिळाले होते. मोठ्या नावाचा फायदा नको म्हणून केलेली ती युक्ती. पुढे २०१४ साली त्यांच्या आत्मचरित्राला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तो घेतला म्हणून नारळीकर लहान ठरत नाहीत आणि नाकारला म्हणून खरे संत ठरत नाहीत. खऱ्यांच्या नकाराची वाहवा करणाऱ्या किती जणांनी कादंबरी वाचली होती, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आमच्याकडे वादविवाद स्पर्धेत दोन वक्त्यांनी त्या नकाराचा उल्लेख केला. नंतर चहा पिताना मी त्यांना कादंबरीतला एखादा प्रसंग विचारला. दोघांनीही चहा लवकर संपवला. लेखकाला द्रष्टा म्हणायचे, त्यागी म्हणायचे, हार घालायचा आणि पुस्तक मिटवून ठेवायचे, यासारखी सोय दुसरी नाही.

आपल्या ग्रंथालयात 'उद्या'ची एक प्रत आहे. तिच्यावरच्या चिठ्ठीवर माझ्याआधी तीनच तारखांचे शिक्के होते. गेल्या सोमवारी मी ती परत केली आहे.