आरोग्य सदर : मसाला नको, की मीठ नको?



साठी उलटली की घरचे सांगू लागतात, "आता मसाल्याचे बंद, उकडलेले खा." मला हे पटत नाही. बेचव जेवणामुळे म्हाताऱ्या माणसाचे पोट अर्धेच भरते, अंगातली ताकद जाते आणि मग पाव-बिस्किटांवर हात जातो. रक्तदाब वाढवते ते मीठ. धणे, मेथी, आले यांचा त्यात दोष नाही.

आपल्या शेजारच्या इथिओपियन भगिनींकडून याबाबतीत शिकण्यासारखे आहे. त्यांचे 'डोरो वत' म्हणजे कोंबडीचा रस्सा. त्याच्या 'बर्बेरे' मसाल्यात लाल मिरची, धणे, मेथी, आले, लसूण, वेलची, ओवा असतो. म्हणजे बहुतेक आपल्याच डब्यातले जिन्नस. खरी खुबी कांद्यात आहे. कांदा भरपूर घेऊन तेल न घालता मंद आचेवर शिजवतात, आणि त्यानेच रस्सा दाट होतो. मांसाबरोबर दूध-तूप चालत नाही म्हणून आपण पिढ्यान्‌पिढ्या नारळाचे दूध वापरत आलो. चव उत्तम, पण कोलेस्टेरॉलवाल्यांना ते रोज परवडणारे नाही. सणाला नारळ ठेवावा आणि एरवी कांद्यावर भागवावे, असे माझे मत आहे.

चार माणसांसाठी चार मोठे कांदे बारीक चिरा. जाड बुडाच्या भांड्यात वीस मिनिटे मंद आचेवर ढवळत राहा. लागू लागला तर चमचाभर पाणी घाला. मग एक मोठा चमचा तेल, आले-लसूण आणि दोन लहान चमचे बर्बेरे घालून परता. कातडी काढलेले मांडीचे तुकडे आणि एक पेला पाणी घाला. झाकून अर्धा तास शिजवल्यावर दोन गाजरे, एक बटाटा आणि पाव कोबी घाला. इथिओपियन घरांत या भाज्या निराळ्या करतात, पण एकट्यादुकट्या माणसाला एकच भांडे सोयीचे. मांस हाडापासून सुटून दातांविना चावता येईल इतके मऊ व्हावे. शेवटी सोललेली उकडलेली अंडी सोडा.

मीठ अगदी शेवटी, चव पाहूनच घाला. कोशेर कोंबडी मिठात ठेवून धुतलेली असते, त्यामुळे तिच्यात मीठ आधीच थोडे मुरलेले असते. दिवसभरात सगळे मिळून मीठ पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे एका लहान चमच्यापेक्षा कमी असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तयार बर्बेरेच्या पाकिटातही कधी मीठ असते. मुलांकडून लेबल वाचून घ्या. कमी वाटल्यास वर लिंबू पिळा.

इंजेरा ही आपल्या आंबोळीची बहीणच. टेफ धान्यात तंतू चांगले असतात, पण मधुमेह असेल त्यांनी पूर्ण इंजेरा न घेता अर्धाच घ्यावा आणि भाजी वाढवावी. ग्लूटेन चालत नसेल तर पीठ निव्वळ टेफचे आहे ना, हे विचारावे.

काहींनी मात्र जपावे. छातीत जळजळ होत असेल तर मिरची निम्मी करा आणि रात्री उशिरा जेवू नका. मूत्रपिंडाचा आजार असेल तर बटाटा किती खावा हे डॉक्टरांना विचारा. 'कमी सोडियमचे' मीठही त्यांना विचारल्याशिवाय घेऊ नका. त्यात पोटॅशियम असते, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांबरोबर ते धोक्याचे ठरते. वॉरफरिन घेणाऱ्यांनी कोबीचे प्रमाण एकदम वाढवू नये.

शब्बाथसाठी केलेला रस्सा पलाटावर चांगला गरम राहायला हवा. खाली उतरवल्यावर दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा.

मुलांनी मसाल्याचा डबा उचलून ठेवला असेल तर तो परत मागून घ्या, आणि त्या जागी मिठाची बरणी वरच्या फळीवर ठेवायला सांगा.